जयेश चुकीचं बोलत होता

नाना, काकी, जयेशच्या घरची सगळी माणसं, अंजूरचे गावकरी, आमचे सर, टीममधले मित्र. आणि मागे शाळेच्या भिंतीला टेकून उभे आहात ते सगळे. पुढे येऊन बसलात तर बरं वाटेल. नाही आलात तरी चालेल, पण तिथून ऐका.

माझं नाव आरिफ. भिवंडीत राहतो. कॉलेजच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर आहे. हात प्लास्टरमध्ये आहे, म्हणून माइक सरांनी धरलाय. मैदानावर मी पूर्ण मॅच ओरडत असतो, पण असं माइकवर कधी बोललो नाही. काय बोलायचं ते ठरवून आलोय. ते बोलवेल की नाही, माहीत नाही.

माझ्या आधी जे बोलले ते म्हणाले की जयेश कधी कोणाला वाकडं बोलला नाही. मला माफ करा. जयेश वाकडं बोलायचा. रोज बोलायचा. मला तर हमखास बोलायचा. दोन वेळा तो टीमच्या निवडीला आला आणि दोन्ही वेळा त्याला परत पाठवलं. दुसरा कोणी असता तर पुन्हा मैदानाकडे फिरकला नसता. हा दुसऱ्या दिवशी बाइक घेऊन प्रॅक्टिसला हजर. म्हणाला, "मला घेतलं नाही ना, आता तुम्हाला सोडत नाही." तेव्हापासून प्रत्येक मॅचला माझ्या गोलच्या मागे उभा राहायचा आणि मला शिकवायचा. "आरिफ, डावीकडे बघ. आरिफ, झोपलास काय." सामना जिंकलो तरी शिव्या, हरलो तरी शिव्या. नंतर स्वतःच्या पैशाने वडापाव खाऊ घालायचा आणि खाता खाता परत शिव्या.

असा होता तो. मला तो असाच आठवायचाय. तुम्ही त्याचा देव करू नका. देवाच्या नावाने माणसं मारायला सोपं जातं.

तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे की आपण फायनल हरलो. दोन-एक. कल्याणच्या कॉलेजने शेवटच्या मिनिटाला गोल मारला. त्या दिवशी पोलिसांनी आपल्या सपोर्टरना माझ्या मागे उभं राहू दिलं नाही. समोरच्या टोकाला बसवलं. म्हणजे तो गोल झाला तेव्हा जयेश माझ्यापासून आख्ख्या मैदानाइतका लांब होता. एवढं लक्षात ठेवा.

मॅच संपली. आम्ही आत कपडे बदलत होतो. बाहेर मैदानासमोरच्या चहाच्या टपरीवर आपलीच पोरं जमली होती. कल्याणची एकही व्यक्ती तिथे नव्हती. ती लोकं ट्रॉफी घेऊन कधीच निघून गेली होती. जे काय झालं ते आपल्यात झालं.

आपण का हरलो, यावर बोलणं चाललं होतं. चालणारच. हरल्यावर दुसरं काय बोलतात? कोण म्हणालं, सरांनी पुढचा खेळाडू काढून डिफेंडर घातला तिथेच मॅच गेली. कोण म्हणालं, रेफ्रीने पेनल्टी दिली नाही. कोण म्हणालं, मैदानाला उतार आहे, दुसऱ्या हाफला आपण चढावर खेळलो. चहा चालू, हसणं पण चालू. मग जयेश म्हणाला, "काय नाय, आरिफने गोल खाल्ला. लाइन सोडून लवकर बाहेर आला."

समोर प्रणय होता. शेजारच्या राहनाळ गावचा प्रणय. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी त्याच्यासोबत क्रिकेट खेळलंय. तो आणि जयेश पाचवीपासून एका बाकावर बसलेले. प्रणय म्हणाला, "आरिफच्या नावाने बोलू नको." जयेश म्हणाला, "बोलणार." प्रणय म्हणाला, "परत बोल." जयेश परत बोलला. परत परत बोलला. गाणं केलं त्याचं, टाळ्या वाजवून. "लवकर आला, लवकर आला." पोरं पण टाळ्या वाजवायला लागली. प्रणयने त्याच्या छातीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "तुला टीममध्ये घेतला नाही तो राग आहे तुझा."

हे मी ऐकलेलं सांगतोय, टपरीवाल्याकडून आणि तिथे असलेल्या पोरांकडून. आता पुढे जे सांगणार आहे, ते सांगायला मला नानांनी उभं केलंय.

काल संध्याकाळी नाना आमच्या घरी आले. जयेशचे वडील माझ्या घरी पहिल्यांदा आले आणि असे आले. अम्मीने पाणी दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं. मला म्हणाले, "आरिफ, खरा सांग. पयला हात कुनी टाकला?"

मी अम्मीकडे बघितलं. नाना म्हणाले, "मी बाप हाय. मना कलला पायजे."

मी सांगितलं. नाना, जयेशने. टपरीवाल्याने बघितलं, जयेशने उकळता चहा प्रणयच्या तोंडावर फेकला.

नानांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाले, "सभेन पन हेच सांग." मी म्हटलं, नाना, शोकसभेत असं कसं बोलू, लोक मला मारतील. तर म्हणाले, "मारूं दे. तू सांग."

म्हणून सांगतोय. मागच्यांनी बसून घ्या. अजून संपलेलं नाही.

चहा तोंडावर पडल्यावर प्रणयचा डोळा मिटला, गाल लाल झाला. तो आंधळ्यासारखा धावला आणि जयेशला घेऊन टपरीच्या फळीवर पडला. काचेचे ग्लास फुटले. जयेशने त्याच्या पोटात गुडघा घातला. मग बाकीचे सुरू झाले. ज्यांना काय झालं ते माहीत पण नव्हतं तेही सुरू झाले. हेल्मेटने मारत होते. एकाने बाइकची चावी बोटात धरून दुसऱ्याचा कान फाडला. मी गेटमधून बाहेर आलो तेव्हा हे चालू होतं, इथून पुढचं मी स्वतः बघितलंय. माझ्या खांद्यावर बॅग, अंगावर अजून कीपरची जर्सी. आणि माझं नाव ऐकू येत होतं. "आरिफमुळे." "आरिफला बोलशील?" माझ्या नावाने एकमेकांना फोडत होते आणि मी तिथेच उभा होतो. मला कोणी बघितलं पण नाही. मी ओरडलो, मी आलोय, मला विचारा. कोणी विचारलं नाही.

मी मध्ये घुसलो. फळीचा फटका माझ्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. कोणी मारलं, माहीत नाही. आणि मला ते शोधायचं पण नाही.

आपला झेंडा होता ना, मॅचला नेलेला? तो लोखंडी पाइपवर बांधलेला होता. मी बघितलं, प्रणयच्या हातात तो पाइप. एक डोळा बंद, नाकातून रक्त. जयेश पाठमोरा होता, दुसऱ्या कोणाला तरी खाली दाबून मारत होता. प्रणयने पाइप फिरवला. कानाच्या मागे बसला. कापड त्याला तसंच गुंडाळलेलं होतं, म्हणून फार आवाज झाला नाही. जयेश बाजूला पडला.

आणि उठला. हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. तो उठला. रस्त्याच्या कडेला बसला, पाणी मागितलं, तोंड धुतलं. म्हणाला, "काय नाय झाला." आम्हाला वाटलं, वाचला. भांडण अजून चालूच होतं. प्रणय पाइप टाकून त्याच्याकडे बघत उभा होता. मग जयेशने उलटी केली आणि एका बाजूला कलला.

रिक्षा बोलावली तर रिक्षा आत येईना. रस्ता आपल्याच पोरांनी भरलेला. मारामारी करायला जागा होती, रिक्षेला जागा नव्हती. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता आणि ही लोकं रिक्षेच्या टपावर एकमेकांची डोकी आपटत होती. मी एका हाताने जयेशला धरलं. दुसऱ्या बाजूने कोणी धरलं? प्रणयने. तो रडत होता आणि धरत होता. त्याला पण पाठीत कोणीतरी मारत होतं, तरी त्याने सोडलं नाही. आम्ही दोघांनी त्याला आत घातलं.

रिक्षेत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. खड्डा आला की कण्हायचा. मी म्हटलं, झोपू नको, बोलत राहा. तर बोलला काय? म्हणाला, "आरिफ, खरं सांग. लवकर आलास ना बाहेर?"

नाना, मी हो म्हटलं. म्हटलं, हो यार, लवकर आलो. तो हसला. म्हणाला, "बोल्लो व्हतो ना मी." त्यानंतर त्याचं बोलणं मला समजलं नाही. हॉस्पिटलमध्ये तो परत शुद्धीवर आलाच नाही.

खरं काय ते पण आज सांगतो. मी लवकर आलो नव्हतो. मी लाइनवरच होतो. बॉल आपल्याच एका डिफेंडरच्या गुडघ्याला लागला आणि वळला. समोरच्या टोकावरून ते दिसत नाही. जयेश जिथे बसला होता तिथून कोणालाच दिसलं नसतं. कोणत्या डिफेंडरच्या गुडघ्याला लागला, ते मी सांगणार नाही. आज इथे नाव घेतलं तर उद्या तुम्ही त्याच्या घरी जाल.

जयेश चुकीचं बोलत होता. एवढंच. फुटबॉलच्या मॅचबद्दल एक पोरगा टपरीवर चुकीचं बोलला. आपण सगळे बोलतो. त्याला चुकीचं बोलायचा हक्क होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला मैदानावर नेऊन दाखवलं असतं, बॉल कुठून आला, कुठे वळला. त्याने ऐकलं नसतं. आयुष्यभर ऐकलं नसतं. आमची लग्नं झाली असती, पोरं झाली असती, तरी हा माणूस मला म्हणाला असता, लवकर आलास. आणि मी ते ऐकून घेतलं असतं.

आता यापुढचं मागे उभ्या असलेल्यांसाठी.

जयेश गेला त्या दिवशी तुमच्यातले काही जण राहनाळला गेले. मी नावं घेत नाही, तुम्हाला माहीत आहेत. प्रणय तेव्हा पोलिसांकडे होता. त्याला पकडलं नव्हतं, तो स्वतः जाऊन बसला होता. तो घरी नाही हे कळल्यावर तुम्ही परत यायला हवं होतं. तुम्ही त्याच्या घराची दारं फोडली. त्याच्या आईला केसाला धरून अंगणात आणलं. त्याचा काका गोडाऊनमधली शिफ्ट संपवून येत होता, हातात डबा होता. त्याला रस्त्यात गाठलंत. त्या माणसाचा एक डोळा गेला. त्याने मॅच बघितली नव्हती. आपण कोणाशी हरलो हे पण त्याला माहीत नव्हतं. मी भेटून आलो त्याला. त्याने मला विचारलं, "काय झालं होतं रे मॅचमध्ये?" काय सांगू मी त्याला? मैदानाला उतार होता?

आणि आता राहनाळची पोरं जमतायत असं ऐकतो. आणि आज ही सभा संपल्यावर इथून पण निघायचं ठरलंय, हेही मला माहीत आहे. शाळेच्या मागे ज्या बाइक लावल्यात, त्यांच्यावर चादरीत गुंडाळून काय बांधलंय, ते येताना मी बघितलं. सरांनी पण बघितलं. नानांनी पण बघितलं.

तुम्ही म्हणता, जयेशसाठी. कोणत्या जयेशसाठी? ज्याने चहा फेकला, की ज्याला पाइप लागला? दोन्ही एकच होता. मी मित्राची बदनामी करत नाहीये. पहिला हात जयेशचा होता म्हणून त्याने मरायला हवं होतं का? नाही. म्हणून प्रणय सुटावा का? नाही. त्याचं कोर्ट बघेल, आणि मी तिथे जाऊन हेच सांगणार आहे, शब्द न बदलता. पण त्या काकाचा डोळा कोणत्या गोलचा बदला होता, हे मला कोणीतरी समजावून सांगा. मला खरंच समजत नाही.

नानांनी एक निरोप दिलाय. ते स्वतः बोलणार नाहीत, त्यांच्याने होणार नाही. निरोप असा आहे की सभा संपली की ते घरी जाणार नाहीत. घरातली खुर्ची घेऊन राहनाळच्या रस्त्यावर, गावाच्या नाक्यावर बसणार. आज बसणार, उद्या बसणार. ज्याला जायचंय त्याने त्यांना उचलून बाजूला ठेवायचं आणि मग जायचं. काकी म्हणाल्या, त्या पण शेजारी बसतील. मी पण बसेन. एक हात आहे, तेवढा पुरे.

काकी, मी जास्त बोललो असेन तर माफ करा. तुमचा मुलगा जसा होता तसा सांगितला.

जयेश, मला अजून खूप वर्षं तुझ्याशी भांडायचं होतं यार. सलाम तुला.

आता सगळे उभे राहा. टोप्या काढा, फोन बंद करा. मागचे पण, भिंत सोडून. घोषणा नको, कोणाचं नाव नको. थोडा वेळ आपण सगळे मिळून गप्प राहू.