एकच दिवा उघडला

(कामशेतच्या बाजारात बॅटऱ्या आणि सोलरचे दिवे दुरुस्त करणाऱ्या यमुनाबाईंनी हातातलं काम न थांबवता हे सांगितलं. त्यांच्याच बोलीत लिहून घेतलं आहे.)

माझा जन्म औंढ्याच्या वरल्या अंगाच्या वाडीतला. ठाकराची वाडी आमची, खाली गाव, वर डोंगर, मधी आमी. बा लोनावळ्याला एका बंगल्यावर राखणीला व्हता, आय दुसऱ्याच्या खाचरात भात लावायला, कापायला जायची. वाडीत लाईट न्हवती असं न्हाई, पण पाऊस लागला की जी जायची ती गणपतीला यायची, आली तर आली. म्हणून उजेड म्हंजी काय ते आमाला इचारा. तुमाला बटन दाबायची सवय, तुमाला न्हाई कळायचं, राग मानू नका, पण न्हाईच कळायचं.

तर बंगल्यावाले बागंत ते सोलरचे खुंटे लावत्यात बघा, मातीत खोचायचे, ते एका पावसाळ्यात मरायचे, शेठ म्हणायचा फेकून दे, आन बा ते पिशवीत घालून घरी आणायचा. कशाला आणायचा त्याचं त्यालाच ठावं. एक दिवस म्या इळ्याच्या टोकानं एक खुंटा उघडला. आत बघते तर चिमूटभर पाणी, एक गंजका सेल आन नखाएवढी सर्किटची पट्टी, बास. एवढ्याशा मालाला एवढं मोठं टोपडं! मला हसूच आलं. ती पट्टी चुलीच्या कडंला वाळवली, बाच्या रेडिओतला सेल काढून घातला, आन काय सांगू, वरच्या काचंवर हात ठेवून अंधार केला की पेटायचा, हात काढला की इझायचा. आय म्हणली भूत हाय त्यात, टाक तिकडं. मी कशाची टाकतीय. बाच्या रेडिओची बातम्याची येळ गेली म्हणून मार खाल्ला ते येगळं.

तवापासनं ती खोड लागली. वस्तू हातात आली की उघडायची. बाहेरून समदंच चकचकीत असतंय वो, खरं काय ते आत. पुढं मला तळेगावच्या एका कंपनीत लाईनीवर घेतलं, डाख द्यायचं काम, कथील वितळवून तारा जोडायच्या, दिवसभर नुसते टिपके, हा टिपका, तो टिपका, मान वर करायची न्हाई. माझा डाख साहेब लोक दुसऱ्या पोरींना दाखवायचे, असा पायजे म्हणून. पण कंत्राटातली माणसं आमी, सा-सात महिने झाले की ब्रेक द्यायचे, परत बोलवायचे, आन एकदा ब्रेक दिला तो परत बोलावलंच न्हाई. तवर माझं लगीन झालं व्हतं. मालक इंदुरीचे, टेम्पो चालवत्यात, बोलत न्हाईत जास्त, पण त्यांनीच ही टपरी बघितली. तांदळाच्या वखारीच्या भितीला टेकून हाय, पत्रा गळतो, पण जागा मोक्याची. पवनंच्या धरणाकडं जाणारं समदं माणूस हितनंच जातं.

बाईमाणूस बॅटरी दुरुस्त करती म्हणून पयल्यांदा लोक नुसते बघायला यायचे. आमच्याकडं टॉर्चला बॅटरीच म्हणत्यात. मग कळलं त्यांना. आता तुमाला आतली गोष्ट सांगते. ही जी सस्ती बॅटरी असती ना, बाजारात ढीग लावून इकत्यात, चोवीस दिव्यांची म्हणत्यात, त्यातले निम्मेच पेटत्यात, बाकीच्यांना तारच नसती, शोभंला बसवलेले असत्यात. हातात जड लागावी म्हणून बुडाला सिमिटाचा गोळा. माणूस जड लागली की मजबूत समजतं. मी आपली उघडून गिऱ्हाइकापुढं तो गोळा ठेवायची, म्हणायची, घ्या, घरी नेऊन भित बांधा. लोक हसायचे, मीबी हसायचे. तवा हसू यायचं.

वाडीत माझं लय नाव झालं. कुणी काय घ्यायचं झालं की म्हणायचे, यमुनाला उघडून बघू द्या आधी. माझी आय तर चारचौघीत सांगायची, माझी यमी म्हणली न्हाई की न्हाई. शाळा बघितली न्हाई आयनं, पण माझ्या शब्दावर तिचा असा भरवसा की मलाच भ्या वाटायचं. आन त्याच भरवशाचं म्या काय केलं ते ऐका.

खालच्या गावातला दत्ता. माझ्याच वर्गात व्हता, आता दत्ताभाऊ म्हणत्यात समदे, पुढारपण करतो, कुठल्या संस्थेचं, कुठल्या कंपनीचं वाटप असलं की मधी दत्ता. तो एक दिवस टपरीवर आला, गाडीतनं खोकं काढलं आन म्हणाला, यमुनाताई, एक कंपनी तुमच्या वाडीला सोलरचे दिवे देतीय, घराला एक, पण मी म्हणलं आमची ताई उघडून बघंल, ताई व्हय म्हणली तरच वाडीत चढवायचे. आता सांगा, असं कुणी म्हणल्यावर माणूस फुगंल का न्हाई? मी फुगले. दिवा उघडला, मीटर लावला. सेल नवा, भरदार. पट्टी खरी. डाख असा सुरेख की मला माझी लाईन आठवली. दोन दिवस उन्हात ठेवून जाळून बघितला, सांजंला लावलेला झोपायच्या येळंला तसाच. मी म्हणलं, दत्ताभाऊ, एक नंबर हाय, वाटा.

वाटपाचा कार्यक्रम झाला, मांडव घातला, स्पीकर लावला. मला स्टेजवर बसवलं, शाल दिली, नारळ दिला. दत्ता स्पीकरवर म्हणाला, आपल्या वाडीच्या लेकीनं सोता उघडून तपासलेला माल हाय ह्यो. फोटो काढले. चाळीस-बेचाळीस खोकी व्हती, चिकटपट्टी लावून बंद, दिव्याच्या बुडाला गोल सील. दत्ता म्हणाला, सील तोडू नका, वॉरंटी जाईल. मीबी माईकवर तेच म्हणलं. मी! जिनं जलमभर न उघडलेल्या वस्तूवर इस्वास ठेवला न्हाई तिनं लोकांना सांगितलं, उघडू नका. मांडवातलंच एक खोकं फोडून बघायला कितीसा येळ लागला असता? पण अंगावर शाल व्हती ना. शाल घेतल्यावर टेस्टर काढायचा कसा.

दिवे घरोघर गेले. आता आमच्याकडं नवी वस्तू घरात आली की आधी देवाफुडं ठेवायची, हळदकुंकू लावायचं, मग वापरायची. इळा, कोयता, पाटा, समद्याला लावत्यात. मग दिव्याला का न्हाई? कुणी दांड्याला लावलं, कुणी वरच्या काचंवरच बोट वढलं. माझ्या आयनं तर काचंवर पाच बोटं वढली, हळदीची येगळी, कुंकवाची येगळी. कुणी खराब व्हायला नको म्हणून वरचा प्लास्टिकचा कागुद तसाच ठेवला. आन म्हयना व्हायच्या आत दिवे मंद व्हायला लागले. अर्धा तास, पाव तास, मग बंद.

लोक माझ्याकडं आले. म्या काय केलं? उघडला का? न्हाई. काचंवरचं कुंकू बघितलं आन माझं डोस्कं फिरलं. म्हणलं, अडाणीच राहणार तुमी, त्या काचंनं ऊन खायचं असतंय, तिच्या तोंडाला कुंकू फासल्यावर ती काय खाणार, डोंबल? पुसा ते आदी. वाडीत जाऊन समद्यांफुडं आयला बोलले. आये, तुला तरी अक्कल पायजे व्हती, म्हणलं. आय पदरानं काच पुसत बसली, पुसली तरी हळदीचा डाग जाईना, तर राखंनं घासायला लागली. अजून मला ते दिसतंय. कुंकवानं थोडा उजेड कमी होत असंल वो, पण दिवा मरत न्हाई. मला ठावं व्हतं. पण चूक त्यांची हाय असं म्हणलं की माझी न्हाई असं व्हतं ना.

त्या दिवसापासनं आय रोज सकाळी दिवा उन्हात ठेवायची. दारात ऊन येत न्हाई आमच्या, मागं डोंगर हाय, तर वरच्या खडकावर न्हेऊन ठेवायची, ऊन सरकंल तसा दिवा सरकवायची, सांजंला आणायला जायची. यमीनं सांगितलंय ऊन दाखवा म्हणून. भावजय म्हणायची, आत्या, पेटत न्हाई तो धड, कशाला खटाटोप. तर आय म्हणायची, तिनं उघडून बघितलाय.

दिवाळी झाल्यावर एक दिवस घरची शेळी रानातनं आली न्हाई. दिवस बुडायला आलेला. आय तोच दिवा घेऊन खाली वघळीकडं, पाण्यानं कापलेल्या घळीकडं, गेली. जाताना पेटला, मिणमिणता का असंना. वघळीच्या तोंडाशी इझला. ती म्हणती, म्या हलवला, आपटला, वाटलं पेटंल. तेवढ्यात पाय सरकला. शेळी आपली आपण घरी आली. आयला चार माणसांनी झोळीत घालून आणली. खुब्याचं हाड मोडलं. तळेगावच्या दवाखान्यात सळई घातली, पण पाय काय पयल्यावानी झाला न्हाई, आता दारापर्यंत सरकत येती, तितनं पुढं न्हाई.

झोळीतबी दिवा तिनं धरलेला. दवाखान्यात माझ्या हातात दिला आन म्हणली, यमे, माझ्याकडनं पडला गं, फुटला का बघ.

म्या त्याच राती न्हाई उघडला. धीर झाला न्हाई. दुसऱ्या दिवशी ह्याच पाटावर सील तोडलं. वरच्या काचंची तार कुटंच जोडलेली न्हवती, नुसती फटीत खोवलेली. म्हंजी आयनं खडकावर रोज जे ऊन दाखवलं ते कुटं जातच न्हवतं. सेल निळा, नवा कोरा. निळं कव्हर ब्लेडनं सोललं तर आत दुसरं लाल कव्हर, त्याच्या आत गंज. कुणाच्या तरी भंगारातला सेल, त्याला नवं झंपर घातलेलं. कारखान्यातनं येताना जेवढा भरलेला तेवढा जळला, मग संपला; दिवसभर पडून राहिला की घटकाभर मिणमिणायचा, तेवढंच. आन बुडाला सिमिटाचा गोळा. तोच, ज्याच्यावर मी हसायचे. मग वाडीतले अजून सात-आठ आणून उघडले. समदे तसेच. मला दाखवलेला तेवढा एकच खरा.

दत्ताकडं गेले. त्यानं च्या मागवला. म्हणला, ताई, मी काय आत घुसून बघितलंय का, मला वरनं जसं आलं तसं दिलं, आन पास तर तू केलंस, फोटो हाय तुझा शालीतला. तक्रार कर की, पण आदी तुझंच नाव येईल. हसत म्हणला वो. मी त्याच्यावर थुकले न्हाई, तेवढंच राहिलं, आन त्याचाच पस्तावा होतोय.

वाडीनं मला एक शबुद इचारला न्हाई. भांडले असते तर बरं झालं असतं. नुसतं येणं बंद केलं. आता बॅटरी बिघडली की माझ्या टपरीवरनं फुडं जात्यात, लोनावळ्याला टाकत्यात. रामराम करत्यात, थांबत न्हाईत. म्या वाडीतले दिवे गोळा करून खरे सेल घालून दिले, बंगल्यांवरच्या मेलेल्या खुंट्यांच्या पट्ट्या काढून जोडल्या, तारा डाखल्या. घेतले लोकांनी. पण वापरताना कुणाच्या घरात दिसला न्हाई मला.

आयचा दिवा सगळ्यात आधी केला. असा केलाय की झोपायच्या येळंपातर हालत न्हाई उजेड. काचंवर हळदीचा डाग हाय अजून, तो म्या घासला न्हाई. परवा सांजंला गेलते. आय भितीला टेकून बसलेली, दिवा फुडं, लख्ख पेटलेला. आन त्याच्या शेजारी गोड्या तेलाची पणती, तीबी पेटलेली. मी म्हणलं, आये, एवढा उजेड असताना पणती कशाला? तर म्हणली, असू दे गं. तुझा दिवा चांगलाच हाय.

आता तुमी दुरुस्तीला आणलेली ती बॅटरी द्या हिकडं. न्हाई, तसं जायाचं न्हाई, हितं बसा माझ्या म्होरं. मी उघडते, तुमीबी वाकून बघा. माझ्या शब्दावर न्हेऊ नका.