धाव बदललेली नाही

नाही मास्तर, शपथेवर सांगतो, रघुने धाव बदललेली नाही. बसा ना, त्या खोक्यावर बसा — ओलं नाही ते, ग्रीसचा जुना डाग आहे, धोतराला लागायचा नाही. तर धाव. कोपरीहून निघाला, मुंब्र्याला वळला, परत कोपरीला पोचला — बाकीचे ज्या रस्त्याने धावले त्याच रस्त्याने माझा भाचा धावला. मग बदलली कुठे? तुम्ही शर्यतीचे पंच, तुम्हीच फळ्यावर लिहिलेलं — ‘शर्यतीत धाव बदलता येणार नाही.’ वाचलं की आम्ही. म्हटलं बरोबर आहे, नाहीतर एखादा खाडीच्या बांधावरून मधेच घुसायचा. काय? काय म्हणालात? धाव म्हणजे टायर?

अगागागा! मास्तर, टायरला टायर म्हणा की हो! धाव असते बैलगाडीच्या चाकाला, लोखंडाची. सायकलला धाव म्हणणारे अख्ख्या कळव्यात तुम्ही एकटे. इंग्रज गेला, त्याचे शब्दपण गेले पाहिजेत — मान्य! पण त्याचा टायर ठेवून घेतला ना आपण? आणि तक्रार घेऊन आलेल्या त्या पोपटला तरी कुठे कळलेलं? बापाच्या मोटारीत दोन चाकं बांधून मागे मागे फिरवत होते — ती काय ओवाळायला आणलेली? दुसरा आला, तेव्हा तुमचं कलम आठवलं त्याला. बरं, बक्षिसाची सायकल त्याला हवी कशाला? घरी आहे एक, कोंबड्या बसतात तिच्यावर. माझा रघु माझ्या भाड्याच्या सायकलवर पळालाय. मिठागरात खाऱ्या पाण्याने पायाला भेगा पडल्यात पोराच्या, बघवत नाही मला. स्वतःची सायकल झाली तर दुधाचा रतीब घालेल, सुटेल तिथनं.

हो हो, येतो ना मुद्द्यावर. बदलला असं नाही मास्तर — फुटला! मी सांगितलेलं त्याला, रघु, वैशाख आहे, हवा मरणाची ठासू नकोस, डांबर तापलं की हवा आतल्या आत फुगते. पण ऐकेल तर तो रघु कसला! कडक टायर पळतो म्हणे. पळतो, फुटेपर्यंत पळतो! येताना इथेच, दुकानासमोर, धडाम! आमची मालन आतून ओरडली, भट्टी फुटली वाटतं कुणाची. दारात भाचा रडकुंडीला आलेला, मी काय कलमं वाचत बसू? दिला दुसरा चढवून. म्हणजे… हां, चढवला. त्यात गैर काय? चपलेचा अंगठा तुटला तर माणूस दुसरी चप्पल घालतो — पाय त्याचेच ना?

नवा कुठला हो! वापरलेलाच, पण नव्याच्या तोंडात मारेल असा. मालक फार जपणारा — चढ आला की उतरतो, खड्डा दिसला की उतरतो, कुत्रं दिसलं तरी उतरतो. घर ते शाळा, शाळा ते घर. खडी कधी बघितली नाही त्या टायरने, नक्षी जशीच्या तशी! म्हणून तर जमलं. पोपट कधीच पुढे गेलेला, पण त्याचे टायर गुळगुळीत — सरळ रस्त्याला झकास, वळणाला दगाबाज. पुलाच्या वळणावर लोळला, आणि माझा रघु असा रस्ता धरून, असा, बाजूने निघून गेला! त्या मालकाचे पाय धरायला पाहिजेत खरं तर —

कोण मालक? असेल कोणीतरी. गिऱ्हाईक. ब्रेक बघायला टाकून गेलेत. तुमची? तुमची तयार आहे ना मास्तर, ती काय भिंतीला — नको, जवळ नका जाऊ, हात काळे होतील. पुढचं चाक? आहे की चाक. चाक कुठे जातंय. नुसती… धाव नाही त्याला.

रागवा, पण ऐका. उद्याच्या सभेत म्हणा, टायर बदलला, निकाल रद्द. पोपटचा बाप पहिलं विचारेल, टायर कोणाचा होता? सांगाल? पंचाच्या टायरवर पहिला आला म्हणून? तुम्ही खोटं बोलणार नाही, ठाऊक आहे मला — मग बोलूच नका ना. रघु सकाळी दूध घेऊन निघतो की मिठागरात उतरतो, एवढंच तुमच्या हातात आहे.

मास्तर?

बरं. मी हो समजतो. उठा आता, उजेड अडतोय माझा.