अमॉस रेनच्या तोंडचा शब्द

—नाही, डॉक्टर पेल, ती टेप आधी पिशवीत ठेवा. चहा घ्या. साखर? नको — शब्दकोशाची माणसं साखरसुद्धा पुराव्याशिवाय घेत नाहीत, ठाऊक आहे मला. तीस वर्षं कुठे होती ही? विद्यापीठाच्या तळघरात? मी समजत होते, केव्हाच पुसली गेली असेल. त्या काळी टेपा पुसून पुन्हा वापरत — हे मात्र लिहून घेऊ नका.

इंग्रजीतला तो जुना 'हार्क' म्हणजे 'ऐक', असं कुणीही सांगेल, आणि ते अपुरं असेल. हातातलं काम टाक, श्वास धर, जो आवाज अजून पुरता आलेलाच नाही त्याच्याकडे कान लाव — एवढं सगळं त्या एका हाकेत असे. आता काय उरलंय? नाताळच्या गाण्यांत एखाद्या वेळी, आणि एरवी टोमण्यात. 'हार्क ॲट हर' — बघा, कोण बोलतंय! टोमण्यावाचून, गंभीरपणे कुणी म्हणतं? कुणीही नाही. तुमच्या कोशात मात्र 'यॉर्कशरच्या खोऱ्यांत अद्याप प्रचलित' असं छापलंय, आणि त्याला आधार एकच — अमॉस रेन, मेंढपाळ, १९५४. नोंद करणारी हेस्टर ओल्डरॉइड. म्हणजे मी.

आमच्या बोलीसर्वेक्षणाचा पहिला नियम काय होता? — विचारणाऱ्यानं तो शब्द स्वतः उच्चारायचा नाही. दुधाच्या कासंडीचं चित्र दाखवायचं, कासंडी म्हणायचं नाही. मी नियमानंच विचारलं — डोंगरावर मेंढी अडकून ओरडत्येय असं वाटलं, आणि इकडे बायको भांडी आपटत्येय, तर तिला काय म्हणाल? 'गप म्हंतो, मिस. पर ऐकंल तर ती कसली!' — आतून बायको ओरडली, 'सांगा, सांगा, समदं सांगा पाव्हणीला!' मी पुन्हा विचारलं. 'लिसन म्हंतो.' तिसऱ्यांदाही लिसन. आणि मग —

हो, मीच म्हटलं. 'तुम्ही हार्क नाही का म्हणत?' झालं. 'म्हंतो की, मिस, त्ये बी म्हंतो.' घरी आलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं? ओटकेक पुढे केला होता त्यानं, तसाच हाही शब्द पुढे केला. आणि मी तो त्याचा म्हणून लिहिला. तुम्ही टेपेवर ऐकलंच असेल, तेव्हा आता —

काय? — ऐकलीच नाही? तेवढं जुनं यंत्रच नाही तुमच्याकडे? नुसता नोंदीचा महिना विचारायला आलात, नव्या आवृत्तीसाठी?

जून. जून महिना होता.

नाही, पेन उचलू नका अजून. इतकं बोललेय तर अर्धवट नोंद मला चालत नाही. शब्द खोटा नव्हता, डॉक्टर पेल. माणूस खोटा होता. तो शब्द माझी आई म्हणायची. कापडगिरणीत मागावर होती ती. मागांच्या खडखडाटानं कान गेलेले. संध्याकाळी वडील जिना चढायला लागले, की ती हात वर करायची — 'हार्क, हेस्टर!' — आणि मी ऐकायचं, तिच्या वतीनं. पाऊल सरळ पडतंय की अडखळतंय. अडखळत असेल तर ती धाकट्यांना घेऊन मागच्या दारानं शेजारी जायची. एकदा मी चुकीचं ऐकलं. — ते असो.

मग तिचंच नाव का नाही लिहिलं? विचारा ना. चौपन्न साली ती जिवंत होती, अमॉसच्या घरापासून एका बसच्या अंतरावर. पण विद्यापीठात मी शाळामास्तरांची मुलगी होते. तसं सांगितलं होतं मी. प्राध्यापकांनी विचारलं असतं, ही गिरणीतली बाई तुम्हाला कुठे भेटली, तर काय सांगणार होते? — म्हणून तिचा शब्द मी परक्या माणसाच्या तोंडी घातला.

नाव? तिचं? कशाला? — 'अमॉसऐवजी तिचं घालू, शब्द वाचेल,' म्हणता? वाचेल? आणि कुणाच्या साक्षीवर? आत्ताच जिनं तुमच्यासमोर खोटी नोंद कबूल केली, तिच्या? तुम्ही चांगले आहात, पण चांगुलपणा हा पुरावा नव्हे. तसल्या चांगुलपणानंच अमॉस मला 'हो' म्हणाला होता. 'प्रचलित' खोडा. 'लुप्त' लिहा. अमॉसचं नाव काढा आणि ती जागा मोकळी सोडा. तिचं नाव सांगायचं होतं तेव्हा मी सांगितलं नाही. आता तुमच्या सोयीसाठी सांगणार नाही.

राहू द्या, कप मी उचलीन. दार अडकतं, जरा वर उचलून ओढा. — नाही, डॉक्टर पेल. तिच्या नावाचं एक अक्षरही नाही. निघा.