भाजीवरची वीट

नानजिंगमध्ये थंडीच्या तोंडावर बदकाच्या दुकानापुढे रांग लागते. माझ्यापुढे म्हातारे थाओकाका आणि त्यांच्या शेजारीण मिआओबाई उभ्या होत्या.

"काका, यंदा भाजी खारवली नाहीत?"

"खारवली. सडली. रांजणात भाजीवर दाबायला वीट नव्हती."

"काकूंची ती शहराच्या जुन्या तटाची वीट? कुठे गेली?"

"पोरानं परत दिली. ही गेली त्याच महिन्यात. तटाची डागडुजी चाललीय ना, घरोघरच्या जुन्या विटा मागत होते. सहाशे वर्षांचा वारसा म्हणे. प्रशस्तिपत्र मिळालं."

"मग तेच ठेवायचं भाजीवर."

"हलकं आहे."

"अहो, दुसरी वीट आणा!"

"आणली. नवी वीट पाणी पिते. त्या विटेला हिनं जन्मभर मीठ पाजलं होतं."

"निदान जाऊन बघून तरी यायचं."

"रोज जातो. दक्षिण दरवाज्याच्या पायऱ्या चढलं की डाव्या हाताला बसवलीय."

"एवढ्या विटांत ओळखता कशी? तिच्यावर घडवणाऱ्याचं नाव आहे म्हणून?"

"नावं पुष्कळ विटांवर आहेत. मी वास घेतो."

"भिंतीला नाक लावून? लोक काय म्हणतील!"

"काल एका पाहुण्या बाईनं विचारलंच, काय आहे इथे? म्हटलं, इतिहास. मग तिनंही नाक लावलं."

"अगंबाई! मग?"

"म्हणाली, भाजी छान मुरलीय. कुणाच्या हातची?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, आमच्या हिच्या."