घाबरू नका, हे मीच सांगितलं होतं

...नाही नाही, तुम्हीच सांगा, मी काय वाईट बोललो होतो? दोनच तर शब्द! 'घाबरू नका!' फ्लूची साथ आल्यापासून ती कर्णा लावलेली सरकारी गाडी शहरभर फिरतेय ना, तिच्यातून दिवसाला चारशे वेळा जो माणूस तुमच्या कानात 'घाबरू नका' म्हणून ओरडतो... तो मी. हसू नका! मी आरोग्य कार्यालयातला साधा कारकून, टपाल घ्यायचं, नोंदवायचं, पुढे सरकवायचं, माझा नि माईकचा संबंध काय? पण ज्या बाई नेहमी घोषणा करायच्या त्यांनाच फ्लू झाला! मग साहेब नाकातून म्हणाले, "तुम्ही बोला हो. तुमचा आवाज ऐकून कुणाला काहीच वाटत नाही."

आता मजकूर. मी सरळ लिहिला होता. ताप दोन दिवसांत उतरला नाही किंवा दम लागला तर दवाखान्यात जा, म्हाताऱ्या माणसांनी तर लगेच जा, आणि घाबरू नका. झालं! तो कागद पाच टेबलं फिरला, तुम्हाला सांगतो, पहिल्या टेबलावर 'ताप' गेला, का, तर लोक घाबरतील, दुसऱ्यावर 'दम' गेला, तिसऱ्यावर 'म्हातारी माणसं' गेली, कारण तिथले गृहस्थ दोन महिन्यांत निवृत्त होणार, त्यांनी ते मनाला लावून घेतलं, चौथ्याला काढायला काही सापडेना म्हणून त्याने स्वल्पविराम काढला, आणि साहेबांनी 'दवाखाना' उडवला. उरलं काय? 'घाबरू नका!' खाली सही, शिक्का. तेवढंच माझ्या आवाजात रेकॉर्ड करून गाडीवर लावलं.

आणि लोक? समोरच्या काकू पहिल्याच फेरीला गॅलरीतून ओरडल्या, "अगं बाई, घाबरू नका म्हणतायत! म्हणजे काहीतरी भयंकर आहे!" दुपारपर्यंत औषधाच्या दुकानातले थर्मामीटर संपले, मग मास्क संपले, मग खोकल्याचं औषध संपलं, शेवटच्या गिऱ्हाईकाने केसांना लावायचा कलप नेला, म्हणे एवढा वेळ रांगेत उभं राहून रिकाम्या हाताने कसं जायचं? 

अख्ख्या शहरात घाबरला नाही असा एकच माणूस. माझा बाप!

तिसरा दिवस तापाचा. वय अठ्ठ्याहत्तर. न्हाणीघरातून पलंगापर्यंत यायला मधे खुर्चीवर टेकावं लागत होतं, निळ्या स्वेटरवर दुसरी शाल, तरी थंडी. मी म्हटलं, बाबा, दवाखान्यात चला. तर म्हणतात, "सरकार काय सांगतंय?" आणि नेमकी त्याच वेळी खालून गाडी! 'घाबरू नका!'

"ऐकलंस? किती ठाम बोलतो बघ! नाहीतर तू. झुरळ दिसलं की स्टुलावर."

"अहो बाबा, तो मीच आहे!"

"तू? हॅ! शाळेत कविता म्हणायला उभा केला तर रडत घरी आला होतास."

आमची ही म्हणाली, मी सांगून बघते. तिलाही तेच उत्तर. तुम्हाला खरं सांगतो, मी घाबरलो होतो. पाठीवर हात ठेवला तर हात भाजत होता, श्वास नुसता वरच्यावर चाललेला, आणि खाली माझाच आवाज मला सांगतोय, घाबरू नका!

धावत ऑफिसात गेलो. साहेब, मजकूर बदला! "बदलू की. अर्ज द्या. पाच टेबलं आहेत... सोमवार उजाडेल." वार होता गुरुवार!

मग मात्र माझं डोकं फिरलं. परत आलो तर गाडी आमच्याच गल्लीत उभी होती, ड्रायव्हर डबा खात होता. त्याला विचारलं, यावर थेट बोलता येतं का? तर म्हणतो, "येतं की. माईक आहे ना. पण आजवर कुणाला काही बोलायचंच नव्हतं."

घेतला माईक! "लक्ष द्या! ताप उतरत नसेल, दम लागत असेल, तर म्हाताऱ्या माणसांनी आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायचं आहे! विशेषतः दुसऱ्या मजल्यावरच्या! विशेषतः निळा स्वेटर घातलेल्यांनी! मुलाशी वाद न घालता!"

पाच मिनिटांत बाबा हिच्या खांद्याला धरून खाली. हातात पिशवी, पिशवीत टॉवेल. आणि त्यांच्या मागून? शेजारच्या तीन इमारतींतून आणखी सात म्हातारे! सगळ्यांनी शोधून शोधून निळे स्वेटर घातलेले! डॉक्टरांनी पाच जणांना गोळ्या देऊन घरी धाडलं, बाबांना नि आणखी दोघांना ठेवून घेतलं. म्हणाले, "एक दिवस उशीर केला असता तर..."

ऑफिसात माझ्या टेबलावर खुलासा मागणारं पत्र. 'आपण विनापरवानगी जनतेस माहिती का दिली?' ते पत्रही पाच टेबलं फिरून आलेलं! मी साहेबांकडे बघितलं, तर ते हळूच म्हणतात, "घाबरू नका."

बाबा आठवड्याने घरी आले. ठणठणीत. मी म्हटलं, बाबा, गोळी घ्या. "गाडीवाल्याने सांगितलंय?" म्हटलं, नाही. "मग राहू दे." तेवढ्यात खालून तीच गाडी गेली, आणि बाबा कान देऊन ऐकत बसले, डोळे भरून आले हो त्यांचे, म्हणाले, "या माणसाने जीव वाचवला माझा. याच्या बापाला किती अभिमान वाटत असेल, नाही?"

म्हटलं, वाटला असता बाबा... पण बाप त्याचं ऐकतच नाही.