एकट्या वैजूचा पोलीस दाखला

बर दुबईहून देराला जाणाऱ्या अब्रा बोटीत माझ्या मागे दोन मराठी मुली बसल्या. मी मान वळवली नाही, कान मात्र तिकडेच होते.

"बोल ना वैजू, नोकरी राहिली का गेली?"

"राहिली गं मुग्धा. खलास, विषय संपला, आज कन्फर्म झाले."

"आणि तो भारतातला पोलीस दाखला?"

"नकोच म्हणाले. आम्ही अकरा जण जॉईन झालो, पण आमच्या सुपरवायझरनी, सदानंद सरांनी, दाखला मागितला फक्त माझ्याकडे."

"तुझ्याकडेच का?"

"पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, काळे म्हणजे कुठले? मी सांगितलं, आम्ही पारधी. त्यांना पुण्याचे काळे हवे होते."

"शहाणी! पुण्याचे म्हणून मोकळं व्हायचं ना."

"का म्हणू? मी चोर आहे?"

"बरं बाई, चिडू नकोस. पुढे?"

"मॅनेजर मॅडमना मेल टाकला. त्यांनी सरांना सगळ्यांसमोर विचारलं, बाकीच्या दहा जणांचे दाखले कुठे आहेत? जातीवरून भेदभाव करणं इथे गुन्हा आहे, माहीत आहे ना?"

"मग सर काय म्हणाले?"

"म्हणे, फक्त फॉरमॅलिटी होती!"

"हलकट मेला. घरी कळवलंस?"

"लगेच. आबा आधी रडले. जन्मभर गाव सोडायचं तर आधी पोलीस ठाण्यात सांगत आलेला माणूस तो. मग हळूच विचारतात, बाळा, तिथल्या ठाण्यात हजेरी लावलीस ना?"

"अगं बाई! काय सांगितलंस?"

"म्हटलं, आबा, इथे ठाणं कुठे आहे तेसुद्धा मला माहीत नाही."