सुतभर सरकलेली कोयरी

(भिंगार बाजारात गहिनीनाथ पेंटरांचं दुकान. दुष्काळाचं साल.)

गहिनीनाथ : धुतलीस? मखमलीची कुंची धुतात का कधी?

मनकर्णा : दुधाचा डाग पडला हुता, बाबा. परवा पोराचं जावळ हाय मढीला. म्हनलं साबनानं जरा चोळावी, तर निम्म्या रंगवलेल्या सोनेरी कोयऱ्या पान्यात उतरल्या.

गहिनीनाथ : तुमच्या काष्टी गावाला प्यायला पाणी नाही म्हणतात, आणि तुला धुण्याची हौस.

मनकर्णा : थट्टा नका करू. सासऱ्यांच्या बारशाची कुंची हाय ही, तुमच्याच हातची. सासूबाईंनी पेटीतनं काढून दिली. त्यांना कळलं तर जलमभर ऐकवतील मला. माहेरी जाते म्हनून थाप मारून आलेय.

गहिनीनाथ : साचा आहे माझ्याकडं. तेल पाजलेला कागद, तो बघ खिळ्याला. हल्ली पलटणीच्या ट्रंकांवर नंबर मारतो, पण कोयरीचा साचा टाकला नाही.

मनकर्णा : मग तशीच्या तशी करून द्या.

गहिनीनाथ : तशीच्या तशी नाही व्हायची.

मनकर्णा : हात थरथरतोय म्हनून?

गहिनीनाथ : हाताचं काय घेऊन बसलीस. साच्याच्या भोकात कोरडा कुंचला टिपायचा, हात हलला तरी कड हलत नाही. पण साचा एकदा उचलला की परत त्याच जागी बसत नाही. सुतभर सरकतोच. जुना रंग कडेनं दिसतो.

मनकर्णा : मग मेलेच मी. त्यांची नजर लई बारीक हाय.

गहिनीनाथ : इकडं उजेडात ये. ही कोयरी राहिलीय ना, तिची कड बघ.

मनकर्णा : दोन रेघा हायेत. एक फिकी, एक गडद. आधीपास्नं हायेत ह्या?

गहिनीनाथ : ही दुसऱ्यांदा छापलेली आहे. तुझ्या मालकाच्या वेळेला. अशीच धुऊन, अशीच पदराखाली लपवून एक सून घेऊन आली होती.

मनकर्णा : कोन?

गहिनीनाथ : तुमच्या घरात तेव्हा सून एकच होती.

मनकर्णा : सासूबाई?

गहिनीनाथ : फार रडली. म्हणाली, सासू मला घराबाहेर काढील. कुणाला सांगू नका म्हणाली, म्हणून अठ्ठावीस वर्षं बोललो नाही.

मनकर्णा : त्यांनाबी कुनाचं भ्या वाटलं असंल, हे कधी मनातच आलं न्हाई माझ्या.

गहिनीनाथ : आण ती इकडं. आधी वाफेवर मखमलीची बसलेली लव उभी करू, मग साचा ठेवू.